नऊ गेली, आठ आली

मोजपट्टी: पाच हजार दोनशे चाळीस पत्रकं गेली. परत आली एकसष्ट. एकेचाळिसांवर 'पत्ता बदलला', अकरांवर 'घर बंद', आठांवर 'घर नाही'. आणि एकावर 'घेण्यास नकार'.

फोरमन: नकार देणारा कोण हा महाभाग?

मोजपट्टी: बसथांब्याजवळचा कुलूपवाला.

फोरमन: मग ठीक आहे. तो विजेचं बिलसुद्धा परत पाठवतो.

मोजपट्टी: काका, माझा प्रश्न त्या आठांचा आहे.

फोरमन: तुला इथे लागून तीन महिने झाले. तुझ्याआधी आमदारांच्या या कार्यालयात परत आलेलं टपाल कोणी मोजलं नव्हतं. गठ्ठा बांधायचा आणि जिन्याखाली टाकायचा, की झालं. तुला मोजपट्टी म्हणतात ते काही उगाच नाही.

मोजपट्टी: तुम्हीच म्हणता. बाकी कोणी म्हणत नाही.

फोरमन: बाई म्हणतात.

मोजपट्टी: तुमचं ऐकून. तर ही आठही खालच्या गल्लीची आहेत, टेकडीच्या पायथ्याची. घर क्रमांक एक ते सहा, मग आठ आणि नऊ.

फोरमन: बरोबरच आहे. गेल्या पावसाळ्यात टेकडीची जुनी भिंत खाली आली, नऊ घरं गाडली गेली. टपालवाला 'घर नाही' असं लिहिणार नाही तर काय 'घर आहे, पण बाहेर गेलंय' असं लिहिणार?

मोजपट्टी: पण नऊ गेली, आठ आली.

फोरमन: टपालात एखादं हरवतं.

मोजपट्टी: एखाद्या महिन्यात हरवेल. मी जिन्याखालचे जुने गठ्ठे काढले. सात महिन्यांचे मिळाले. प्रत्येकात खालच्या गल्लीची आठ पत्रकं, आणि प्रत्येक वेळी सात नंबरचं तेवढं नाही. शंभरातलं एक पत्रक हरवतं असं धरलं, तरी सलग सात वेळा तेच हरवण्याची शक्यता किती असेल ते मी काढून बघितलं.

फोरमन: नको सांगूस.

मोजपट्टी: दशांशचिन्हापुढे तेरा शून्यं.

फोरमन: नको सांगूस म्हटलं ना. चार वाजता मजकूर छपाईला द्यायचाय, अजून शेवटचं पान लावायचंय आणि तू शून्यं मोजत बसलीस.

मोजपट्टी: काका, तुम्ही चष्मा तिसऱ्यांदा पुसताय.

फोरमन: मोजलंस तेही?

मोजपट्टी: सवय आहे.

फोरमन: दार लोट. बाई आत फोनवर आहेत ना? असू दे, हळू बोल. सात नंबरचं पत्रक टपालात जातच नाही. बारा महिने झाले, मी घेऊन जातो.

मोजपट्टी: कुठे?

फोरमन: सात नंबरला.

मोजपट्टी: पण तिथे काय आहे?

फोरमन: पायरी आहे. माती उपसली तेव्हा एक पायरी तेवढी सापडली. तिच्यावर ठेवतो, वर दगड ठेवतो, येतो.

मोजपट्टी: कशासाठी?

फोरमन: ती एकटीच सगळं वाचायची म्हणून. चारही पानं. बाकीची मंडळी आपल्या गल्लीचं नाव आलंय का ते बघतात आणि कपाटाच्या तळाला अंथरतात. ही अर्थसंकल्पाचा तक्तासुद्धा वाचायची. रस्त्यात भेटली की विचारायची, काका, दवाखान्याची तरतूद गेल्या वेळेपेक्षा कमी कशी हो? मला काय कळतंय. मी म्हणायचो, चिठ्ठीवर लिहून पाठव.

मोजपट्टी: ती म्हणजे ती शिवणकाम करणारी? भिंतीखाली जी—

फोरमन: ती. आणि तिची सासू. गल्लीतली बाकी आठ घरं तेव्हा रिकामी होती. सगळ्यांना पावसाआधी जुन्या गोदामात हलवलं होतं.

मोजपट्टी: मग या दोघी तिथे कशा?

फोरमन: ते विचारू नकोस.

मोजपट्टी: बरं. तुम्ही बारा महिने पत्रक ठेवताय. म्हणजे बारा पत्रकं पडली असतील तिथे.

फोरमन: एकही नाही. दगड असतो. जिथे ठेवला तिथेच, जसा ठेवला तसाच. खाली काही नसतं.

मोजपट्टी: वारा असेल.

फोरमन: वारा कागद नेईल. दगड उचलून बाजूला ठेवेल, कागद घेईल आणि दगड परत जागेवर ठेवेल, असा वारा तुमच्या भौतिकशास्त्रात शिकवतात का?

मोजपट्टी: मग माणूस. रद्दीवाला, नाही तर टेकडीवर फिरायला जाणारं कोणी.

फोरमन: मीही तेच म्हणत होतो. मग हे यायला लागलं. खालचा खण उघड. तो बटणांचा डबा काढ.

मोजपट्टी: या तर आपल्या प्रश्नचिठ्ठ्या आहेत. पत्रकाच्या तळाच्या. 'आपला प्रश्न आमदारांना.'

फोरमन: मोज.

मोजपट्टी: अकरा. सगळ्या कोऱ्या.

फोरमन: उजवा कोपरा बघ.

मोजपट्टी: 'खालची गल्ली, सात.' अकराही?

फोरमन: अकराही. प्रत्येक चिठ्ठीवर घराचा क्रमांक मीच छापायला लावला होता. लोक प्रश्न विचारतात आणि नाव लिहायला विसरतात, मग बाई उत्तर देणार कोणाला? या फाटकावरच्या पेटीत येतात. महिन्याला एक.

मोजपट्टी: काका, खिडकीपाशी या जरा. कड बघा. लोक चिठ्ठी फाडतात. दुमडून, थुंकी लावून, कशीही. ही कापलेली आहे. टिंबांच्या रेषेवरून. प्रत्येक टिंब मधोमध चिरलंय. मी पट्टी लावली तरी यापेक्षा सरळ येणार नाही.

फोरमन: कापडाची कात्री आहे. लांब पात्याची. एका दमात कापलंय. लहान कात्री असती तर दर दोन बोटांवर खाच आली असती. छापखान्यात हाडं झिजवलीत मी, कागद कशानं कापलाय एवढं कळतं.

मोजपट्टी: तिचा नवरा पाठवत असेल.

फोरमन: तो दूर कुठेतरी गवंडीकामावर असतो. मयताला आला, दोन दिवस राहिला, पुन्हा फिरकला नाही. आणि त्याला अक्षरओळख नाही.

मोजपट्टी: कोरी चिठ्ठी पाठवायला अक्षरओळख कशाला लागते?

फोरमन: लागत नाही. अकरांपर्यंत मीही तसंच म्हणत होतो.

मोजपट्टी: थांबा. पत्रकं बारा ठेवलीत. चिठ्ठ्या अकरा आहेत.

फोरमन: बारावी आज सकाळी आली. माझ्या खिशात आहे. ती कोरी नाही.

बाई: काय कोरं नाही? काय चाललंय दार लोटून? मला वाटलं दोघं कामात आहेत.

फोरमन: कामातच आहोत, बाई. पहिली तीन पानं लागली.

बाई: वाचून दाखव गं, मोजपट्टी. मथळे फक्त.

मोजपट्टी: पहिलं पान, 'अर्थसंकल्पात आपल्या भागाला काय मिळालं'. दवाखान्याला क्ष-किरण यंत्र, दोन शाळांची छपरं, पाण्याची एक टाकी. दुसरं पान, 'काय मिळालं नाही आणि का'.

बाई: ते पान विरोधकांना फार आवडतं. आवडू दे. लोकांना दोन्ही कळलं पाहिजे, म्हणून तर आठ वर्षांपूर्वी हे पत्रक सुरू केलं. एक महिना चुकवला नाही. पुढे?

मोजपट्टी: तिसऱ्या पानावर प्रश्नोत्तरं. बारा नंबरच्या दिव्याचा प्रश्न पुन्हा आलाय. आणि एका आजोबांनी विचारलंय की सुनेनं टीव्हीचा आवाज कमी ठेवावा असा कायदा करता येईल का.

बाई: त्यांना लिही, सभागृहात माझाच आवाज कोणी ऐकत नाही. आणि शेवटचं पान?

फोरमन: नेहमीचंच. दोन रकाने. झालेली कामं, होणारी कामं.

बाई: भिंत झालेल्या कामांत घ्या. पहिली ओळ, ठळक. 'संरक्षक भिंत, खालची गल्ली, चाळीस मीटर.'

मोजपट्टी: बाई, भिंत कोणी पाहिली?

बाई: बांधकाम खात्याचं पत्र आहे. हे बघ. काम पूर्ण, सही, शिक्का, जावक क्रमांक.

मोजपट्टी: हा कागद झाला. भिंत कोणी पाहिली?

बाई: मी गाडीतून पाहिली गेल्या आठवड्यात. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी जाळी लावलीय.

मोजपट्टी: म्हणजे जाळी पाहिलीत.

फोरमन: हिला आवरा, बाई. तीन महिने झाले, ही मला चष्मा पुसू देत नाही.

बाई: मुली, ऐक. आठ कुटुंबं बारा महिने गोदामात राहतायत. चादरी टांगून खोल्या केल्यात. एका घरात मूल जन्मलं, एका घरात म्हातारा गेला, सगळं त्या चादरींच्या आड. मी त्यांना शब्द दिलाय, पत्रकात भिंत आली की दुसऱ्या दिवशी सामान उचला. पायथ्याशी पत्र्याच्या आठ खोल्या उभ्या आहेत. पाऊस अठरा दिवसांवर आलाय. परवा मंत्री येणार, फीत कापणार. आणि तू मला म्हणतेस, कोणी पाहिली.

मोजपट्टी: काका दर महिन्याला तिथे जातात.

बाई: कुठे जातात?

फोरमन: झालं. सांगून मोकळी झाली.

बाई: काका, कुठे जाता?

फोरमन: सात नंबरच्या पायरीवर पत्रक ठेवायला.

बाई: कधीपासून?

फोरमन: पहिल्या महिन्यापासून.

बाई: मग भिंत पाहिली असेल तुम्ही. झालीय ना?

फोरमन: माहीत नाही.

बाई: समोर उभे राहता आणि माहीत नाही?

फोरमन: मी मान वर करत नाही तिथे. पायरीकडे बघतो, दगड उचलतो, ठेवतो, फिरतो. जाळीमागे काय आहे ते बघायचा धीर होत नाही. तुम्हाला होतो का? तुम्ही गाडीतून उतरलात का गेल्या आठवड्यात?

बाई: काका.

मोजपट्टी: मला कोणीतरी सांगाल का? त्या दोघी परत का गेल्या?

बाई: जुनी गोष्ट आहे. चौकशी झाली. अतिवृष्टी, निकृष्ट भराव, अहवाल आला, मिटलं.

फोरमन: मिटलं नाही, बाई. आपण मिटवलं. अळीमिळी गुपचिळी. तू बस, मोजपट्टी. गेल्या वर्षी हेच पान मी लावत होतो. अर्थसंकल्प मंजूर झालेला, नव्या भिंतीला पैसे ठेवलेले. काम होणाऱ्या रकान्यात होतं, तेच बरोबर होतं. पण तो रकाना एका ओळीनं खाली घसरत होता. आणि झालेल्या कामांत एक ओळ रिकामी होती.

मोजपट्टी: काका, नाही.

फोरमन: एका ओळीत मावणारं काम तेवढं भिंतीचंच होतं. ते उचलून डावीकडे ठेवलं की दोन्ही रकाने तळाला भिडत होते. तेव्हा तळ वाकडा दिसला की मला झोप येत नसे. आता सरळ दिसला की येत नाही.

मोजपट्टी: तुम्ही जागा भरायला भिंत झाली म्हणून छापलं?

बाई: एकट्यानं नाही. हे ते तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. त्यांनी मला फोन केला होता. मी सभागृहाच्या पायऱ्यांवर उभी होते, लोक अभिनंदन करत होते. काका म्हणाले, भिंत झालेल्यांत घेऊ का, तळ जुळतोय. मी म्हटलं, घ्या, तरतूद झाली म्हणजे झालीच समजा. आणि पुढच्या माणसाशी हात मिळवला.

फोरमन: तिसऱ्या दिवशी पत्रकांचा वेगळा गठ्ठा गोदामात पोचला. सगळ्यांनी आपल्या गल्लीचं नाव शोधलं. पण इतरांनी म्हटलं, बघू, पाऊस थांबू दे. हिच्या सासूला गोदामाच्या ओलीनं खोकला लागला होता. आणि शिवणयंत्र घरी अडकलेलं, शाळेच्या गणवेशांचं काम घेतलेलं. गल्लीच्या तोंडाशी पहारेकरी होता. त्यानं अडवलं. तिनं पत्रक उघडून बोट ठेवलं. म्हणाली, बाईंनी छापलंय.

मोजपट्टी: आणि त्यानं सोडलं.

फोरमन: त्याचीही चूक काय? छापील होतं. पाचव्या दिवशी पहाटे जुनी भिंत खाली आली.

मोजपट्टी: पुढच्या अंकात काय छापलंत?

बाई: श्रद्धांजली. पहिल्या पानावर, काळ्या चौकटीत.

मोजपट्टी: आणि दुरुस्ती?

बाई: दुरुस्ती नाही.

मोजपट्टी: चौकशीत कोणी विचारलं नाही?

बाई: चौकशीत विचारलं, जुनी भिंत का पडली. पत्रकात काय होतं ते विचारलं नाही. मीही मूग गिळून बसले. मी शाळेत शिकवायचे, माहिती आहे ना तुला? ती माझ्या वर्गात होती. तिला वाचायला मी शिकवलंय. तिच्या घरात वाचणारं कोणी नव्हतं. मी म्हणायचे, छापलेलं नीट वाचत जा, कोणी फसवणार नाही.

फोरमन: बाई, पाणी घ्या.

बाई: नको. तुम्हाला वाटतं मला कळत नाही? पण यंदा वेगळं आहे. यंदा खात्याचा कागद आहे. मी मनानं काही छापत नाहीये. हे छापलं नाही तर गोदामातले लोक उद्या माझ्या दारात येतील. मंत्री विचारतील, खात्यावर विश्वास नाही का. पुढच्या वर्षी माझ्या भागाला फुटकी कवडी मिळणार नाही. हे आजोबांना समजावता येतं का पत्रकात?

मोजपट्टी: दुसऱ्या पानावर. 'काय मिळालं नाही आणि का.'

बाई: फार शहाणी आहेस.

फोरमन: बाई, आज सकाळी फाटकावरच्या पेटीत हे आलंय. मी तुम्हाला दाखवणार नव्हतो. अकरा महिने कोऱ्या येत होत्या, त्या या डब्यात आहेत. ही बारावी.

बाई: चष्मा द्या माझा. सात नंबर? हा काय वाह्यातपणा आहे?

मोजपट्टी: काय लिहिलंय?

बाई: 'भिंत किती झाली?'

मोजपट्टी: एवढंच?

बाई: एवढंच. काका, हे तुम्ही लिहिलंय.

फोरमन: हा माझा हात बघा. कप धरला की निम्मा चहा बशीत. या हातानं सरळ रेघ येईल?

बाई: मग तू.

मोजपट्टी: मला ती गेली कशी, हे आत्ता कळलं. चिठ्ठी द्या बघू. शाई आपल्या साध्या पेनाची. अक्षर मोठं, सावकाश काढलेलं. आणि ही वरची रेघ. शब्दाशब्दांवर तोडलेली नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत एकच आहे, मधल्या मोकळ्या जागेवरूनसुद्धा.

बाई: माहीत आहे.

मोजपट्टी: तुम्ही न बघता कसं—

बाई: आधी सगळी अक्षरं लिहायची. मग एका टोकाला पेन ठेवायचं आणि दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच ओढायचं, शिलाई मारल्यासारखं. तिला किती ओरडले मी. प्रत्येक शब्दाला हात उचल, असं सांगून सांगून थकले. म्हणायची, बाई, धागा तोडला की उसवतं.

फोरमन: मी तरी काय सांगत होतो.

मोजपट्टी: बाई, कोणी तिचं अक्षर पाहिलं असेल. तिच्या वह्या कोणाकडे असतील. नक्कल करता येते.

बाई: येते. येऊ दे. कोणीही लिहिलेलं असू दे. आठ वर्षांत मी एकही प्रश्न अनुत्तरित ठेवलेला नाही. किती वाजले?

मोजपट्टी: दोन वाजून दहा.

बाई: खालची गल्ली किती लांब?

मोजपट्टी: चालत बावीस मिनिटं.

बाई: टेप आहे?

फोरमन: हिच्या पिशवीत? टेप नसेल तर मी माझं नाव बदलीन.

(खालची गल्ली, नऊ नंबरच्या बाजूचं टोक. हिरव्या जाळीचा एक पदर वर गुंडाळलेला. टेकडीबरोबर भिंत वळते, त्यामुळे तिचं दुसरं टोक इथून दिसत नाही.)

मोजपट्टी: काका, शून्याचं टोक तुमच्याकडे. जाळीच्या आतून भिंतीला धरून जा. भिंत जिथे संपते तिथे कोपऱ्याला टेकवायचं आणि सोडायचं नाही. बाई, टेपची ही चकती तुमच्या हातात. या खुणेवर धरा. मी मधे वळणापाशी थांबून पट्टी भिंतीला चिकटून ठेवते.

बाई: आकडा मी वाचणार.

मोजपट्टी: हो, तुमच्याच बाजूला येतो.

फोरमन: पायाखाली बघा. खडी सुटलीय.

बाई: मोजपट्टी, ही जाळी चाळीस मीटर असेल?

मोजपट्टी: असेल. जाळीत कोणी चोरी केलेली नाही.

बाई: काका, पोचलात?

फोरमन: पोचलो. संपली.

बाई: इतक्यात?

फोरमन: संपली म्हणजे संपली. पुढे सळ्या वर आलेल्या आहेत, मग नुसती माती, आणि माती अडवायला रिकामी पिंपं. जाळी मात्र पुढे गेलीय, छान, ताठ.

मोजपट्टी: टेकवलंत? ताणून धरा. बाई, वाचा.

बाई: अकरा मीटर. साठ सेंटिमीटर.

मोजपट्टी: चाळीसपैकी.

बाई: काका, तुम्ही कुठे उभे आहात?

फोरमन: मान वर केलीय आज. सात नंबरच्या पायरीच्या डोक्यावर उभा आहे.

बाई: पायरीवर काय आहे?

फोरमन: दगड.

बाई: खाली?

फोरमन: काही नाही.

बाई: इकडे या. लिहून घ्यायचंय.

मोजपट्टी: मी खुणा करून ठेवते, बाई. सळ्यांचा फोटो मग घेते. खात्याला लागेल.

फोरमन: हं, सांगा, बाई. दम लागलाय, हळू सांगा.

बाई: झालेली कामं. 'संरक्षक भिंत, खालची गल्ली, अकरा मीटर साठ सेंटिमीटर.' होणारी कामं. 'हीच भिंत, अठ्ठावीस मीटर चाळीस सेंटिमीटर. ती होईपर्यंत पायथ्याच्या खोल्यांत कोणीही राहायला जाऊ नये. खात्याचं पत्र चुकीचं आहे. आम्ही मोजलं.'

फोरमन: मंत्र्यांना काय सांगणार?

बाई: कापा म्हणावं फीत. अकरा मीटरची. गोदामात मी स्वतः जाते आज, शिव्या खायला. अजून लिहा. पहिल्या पानावर, सगळ्यात वर, काळ्या चौकटीत. 'गेल्या वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या पत्रकात ही भिंत झाली आहे असं छापलं होतं. ती झालेली नव्हती. ते वाचून सात नंबरच्या दोघी घरी परत गेल्या. छापा म्हणून मी सांगितलं होतं.'

फोरमन: 'छापा म्हणून मी सांगितलं' नको. जागा मी भरली.

बाई: मग दोघांची लिहा. 'आम्ही सांगितलं.' नाही. 'आमदारांनी सांगितलं आणि फोरमननं छापलं.' तसंच लिहा.

फोरमन: रकाना घसरेल, बाई. चार-पाच ओळी जास्त होतात. तळ जुळणार नाही.

बाई: घसरू दे.

फोरमन: बरं.

मोजपट्टी: बाई, दुसरं माप राहिलं.

बाई: कशाला? एकदा मोजलं की.

मोजपट्टी: एकदा मोजलेलं मोजलेलं नसतं. छापायचं आहे ना? चकती पुन्हा खुणेवर धरा. काका, टेकवा परत. थोडं ताणा. अजून थोडं. हां, बस्स. बरोबर आहे आता.

फोरमन: कोणाला सांगतेस?

मोजपट्टी: तुम्हाला.

फोरमन: मी इथे आहे. बाईंच्या शेजारी. जाळीच्या बाहेरून आलो मघाशी.

मोजपट्टी: मग ते टोक?

फोरमन: टोक मी पायरीवर ठेवून आलो.

मोजपट्टी: दगडाखाली?

फोरमन: नाही. नुसतं.

मोजपट्टी: सळईत अडकलं असेल. बाई, जरा सैल सोडा बघू.

बाई: सोडलं.

मोजपट्टी: हो, सैल झालं. म्हणजे अडकलेलं नव्हतं. मी जाऊन बघते वळणापलीकडे.

बाई: थांब. हलू नकोस.

मोजपट्टी: काय झालं?

बाई: पुन्हा ताणलं गेलं.

फोरमन: बाई, चला इथून.

बाई: बोलू नका. आकडा थरथरतोय. आता थांबला.

मोजपट्टी: किती?

बाई: अकरा मीटर साठ सेंटिमीटर.